चाळीस एकर आणि बारा वर्षं

'गुलामगिरी' उघडली की मजकुराच्या आधी अर्पणपत्रिका येते. जोतीराव फुल्यांनी हे पुस्तक कुणा गुरूला, आप्ताला किंवा साहेबाला अर्पण केलेलं नाही. युनायटेड स्टेट्समधल्या भल्या लोकांनी निग्रो गुलामांना सोडवण्यासाठी जो स्वार्थत्याग केला, त्याबद्दलच्या आदरापोटी ते त्यांना दिलेलं आहे. आपल्या देशबांधवांनीही शूद्र भावंडांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा सोबत आहे. इंग्रजी प्रस्तावनेखाली ठिकाण पुणे, तारीख १ जून १८७३.

त्या तारखेच्या बरोबर सात आठवडे आधी, १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात कोलफॅक्स नावाच्या गावी गोऱ्यांच्या एका टोळीने सरकारी कचेरीवर तोफ रोखली. संध्याकाळपर्यंत कचेरी जळून गेली आणि ती राखायला जमलेले काळे मतदार रानात, नदीकाठी मरून पडले. आठ वर्षांपूर्वीपर्यंत त्यांतले बहुतेक जण कुणाच्या तरी मालकीचे होते.

आपल्या शाळेच्या पुस्तकात अमेरिकेचं यादवी युद्ध येतं, लिंकन येतो, गुलाम सुटतात आणि धडा संपतो. लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून सांगितलं जाणारं पत्र मराठी शाळांच्या भिंतीवर लावलेलं असतं. ते त्याने लिहिल्याचा पुरावा नाही, पण ते असो. सुटलेल्या चाळीस लाख माणसांची दुसऱ्या दिवशीची सकाळ कशी उजाडली, ती कुणाच्या रानात राबायला गेली, हा पुढचा धडा आपल्याकडे कुणी लावलाच नाही. तो १८६५ ते १८७७ असा बारा वर्षांचा आहे. तिकडे त्याला रिकन्स्ट्रक्शन म्हणतात, म्हणजे पुनर्रचना. जोतीरावांनी अर्पणपत्रिका लिहिली तेव्हा या बारांतली आठ वर्षं सरली होती आणि बांधलेलं उसवायला लागलं होतं.

या धड्याची सुरुवात जमिनीपासून होते.

१२ जानेवारी १८६५ ची रात्र. युद्ध संपायला अजून तीन महिने होते. जॉर्जियातल्या सव्हाना शहरात कापसाच्या एका व्यापाऱ्याच्या हवेलीत उत्तरेच्या फौजेचा जनरल शर्मन याने मुक्काम ठोकला होता. वॉशिंग्टनहून युद्धमंत्री स्टँटन आलेला. त्यांच्यासमोर वीस काळे धर्मोपदेशक बसले होते. आपल्या वतीने बोलायला त्यांनी गॅरिसन फ्रेझियर याला निवडलं. वय ६७. आठ वर्षांपूर्वी त्याने सोन्याचांदीत एक हजार डॉलर मोजून स्वतःला आणि बायकोला विकत घेतलं होतं.

मंत्री एकेक प्रश्न विचारत होता आणि उत्तरं लिहून घेतली जात होती. गुलामी म्हणजे काय, असं विचारल्यावर फ्रेझियर म्हणाला, दुसऱ्याचे कष्ट त्याच्या मर्जीविरुद्ध, बळजबरीने घेणं. स्वातंत्र्य म्हणजे आपल्या कष्टाचं फळ आपल्याला मिळणं. मग तुम्ही स्वतःच्या पायावर उभे कसे राहाल? म्हातारा म्हणाला, आम्हाला जमीन द्या. ती आम्ही आमच्या कष्टाने कसू, आणि पुढे विकत घेण्याची ऐपत आली की विकतही घेऊ. फुकट काही मागायचं नाही, हे त्याने आधीच ठरवलेलं दिसतं.

चौथ्या दिवशी शर्मनने हुकूम काढला. चार्ल्सटनपासून दक्षिणेला फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीपर्यंतची बेटं आणि समुद्रापासून तीस मैल आतपर्यंतची, मालक पळून गेलेली भातखाचरं काळ्या कुटुंबांसाठी राखून ठेवली. एकेका कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत. खेचराचा उल्लेख त्या हुकमात नाही. लष्कराची जनावरं मागाहून काहींना मिळाली, पण लोकांच्या तोंडी 'चाळीस एकर आणि एक खेचर' हेच बसलं ते आजतागायत. जूनपर्यंत सुमारे चाळीस हजार माणसं चार लाख एकरांवर जाऊन राहिली आणि पेरण्या झाल्या.

मेख हुकमातच होती. आपल्या भाषेत सांगायचं तर ताबा मिळाला होता, सातबारा नव्हता. मालकीचा निकाल पुढे वॉशिंग्टनने लावायचा होता आणि तो लावायला लिंकन उरला नाही. १५ एप्रिलला तो गेला.

त्याच्या जागी आलेला अँड्र्यू जॉन्सन टेनेसीचा, मूळ धंद्याने शिंपी. बड्या मळेवाल्यांवर त्याचा खरोखर राग होता. पण मळेवाल्यांचा राग येणं वेगळं आणि त्यांच्या गुलामांबद्दल आस्था असणं वेगळं. जॉन्सनपाशी दुसरी गोष्ट औषधालाही नव्हती. काल दक्षिणेच्या बंडात लढलेले मालक त्याच्याकडे माफीचे अर्ज घेऊन यायला लागले. तो माफी देत गेला आणि माफीबरोबर जमीनही परत देत गेला.

ही बातमी सांगण्याची पाळी जनरल हॉवर्डवर आली. सुटलेल्या गुलामांसाठी सरकारने जे खातं काढलं होतं, फ्रीडमेन्स ब्युरो, त्याचा तो प्रमुख. युद्धात उजवा हात गमावलेला, देवभोळा, सज्जन माणूस. १८६५ च्या ऑक्टोबरात तो दक्षिण कॅरोलिनातल्या एडिस्टो बेटावर आला. चर्च खचाखच भरलेलं होतं. त्याने जेमतेम सुरुवात केली आणि असा गलका झाला की पुढचं कुणाला ऐकूच जाईना. मग एका बाईने दुःखाचं एक भजन धरलं आणि सगळं चर्च तिच्यामागून गायला लागलं. गाणं थांबल्यावर हॉवर्डने उरलेलं सांगितलं: जुन्या मालकांशी जुळवून घ्या, त्यांच्या रानात मजुरी करा, मनात अढी धरू नका.

बेटावरच्या लोकांनी तिघांची कमिटी नेमून त्याला उत्तर पाठवलं. ते उत्तर जपून ठेवलेलं आहे. ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके दिले, माझ्या आईला आणि बहिणीला मारलं, त्याला मी माफ करावं असं तुम्ही म्हणता, आणि त्याच माणसाच्या दयेवर मी पुन्हा जगावं अशी व्यवस्था करता, असा त्याचा रोख. त्यात शिवीगाळ नाही, धमकी नाही. जमीन नाही, घर नाही, मत नाही, अशी आमची गत होणार आहे, एवढंच साध्या शब्दांत सांगितलेलं आहे. काळ्यांना मताचा हक्क मिळायला अजून दीड-दोन वर्षं होती. त्याच्याही आधी या शेतकऱ्यांना पुढचं सगळं दिसत होतं.

इथून जवळच ब्यूफर्ट गाव आहे. तिथल्या प्रिन्स स्ट्रीटवरच्या एका घराची गोष्ट या सगळ्याच्या उलट झाली. त्या घराच्या मागच्या गुलामांच्या खोलीत १८३९ मध्ये रॉबर्ट स्मॉल्स जन्मला. युद्धात तो 'प्लँटर' नावाच्या बंडखोरांच्या आगबोटीवर सुकाणू धरायचा. १२ मे १८६२ च्या रात्री गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेले. पहाटेच्या अंधारात स्मॉल्सने बोट सोडली, दुसऱ्या धक्क्यावरून बायका-पोरांना चढवलं आणि कप्तानाची गवती टोपी घालून, कप्तानासारखाच कठड्याला रेलून, एकामागून एक किल्ले ओलांडले. प्रत्येक किल्ल्यासमोर शिट्टीचा ठरलेला इशारा बरोबर दिला. सम्टरचा किल्ला मागे पडल्यावर झेंडा उतरवला आणि बायकोने आणलेली पांढरी चादर वर चढवली. समोर उत्तरेचं आरमार होतं. बोटीवर सोळा गुलाम होते, ते सोळा स्वतंत्र माणसं झाले. स्मॉल्स तेव्हा २३ वर्षांचा होता.

बक्षिसाची रक्कम हातात आली. कर थकलेली घरं सरकार लिलावात काढत होतं, त्यात त्याने प्रिन्स स्ट्रीटवरचं ते घरच विकत घेतलं. युद्धानंतर जुन्या मालकांनी दावा लावला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १८७८ मध्ये स्मॉल्स जिंकला. शर्मनच्या हुकमाने मिळालेली चार लाख एकरं कागदावरून पुसली गेली, पण कराच्या लिलावाची पावती असलेलं घर राहिलं. त्या बेटांवर अशाच लिलावांत ज्यांनी दहा-वीस एकर घेऊन ठेवले होते, त्यांचेही राहिले. आणि मला यात योगायोग वाटत नाही की दक्षिण कॅरोलिनात काळ्यांचं राजकारण सगळ्यात उशिरापर्यंत तग धरून राहिलं ते याच किनारपट्टीवर. जो स्वतःच्या रानात उभा आहे त्याला उद्या कामावर येऊ नको असं कोण सांगणार?

बाकीच्या दक्षिणेत तेच सांगायची सोय कायद्यानेच केली. १८६५ संपता संपता मिसिसिपी आणि दक्षिण कॅरोलिनाने, मग इतर राज्यांनी, काळ्यांसाठी वेगळे कायदे केले. दर जानेवारीत कामाचा लेखी करार दाखवायचा. नसला तर तो भटका. भटक्याला दंड, दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायचं. दक्षिण कॅरोलिनात शेतमजुरी किंवा घरकाम सोडून दुसरा धंदा करायचा तर दहापासून शंभर डॉलरपर्यंत वार्षिक कर. गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती त्याच डिसेंबरात मंजूर झाली होती. तिच्यात एक अपवाद होता, गुन्ह्याची शिक्षा म्हणून घेतलेलं काम. त्या फटीतून पुढे अख्खी बैलगाडी जाणार होती. कैदी खाणमालकांना आणि मळेवाल्यांना भाड्याने द्यायचा धंदा दक्षिणेतल्या राज्यांनी कित्येक दशकं चालवला.

हे कायदे वाचून उत्तरेतली माणसं बिथरली. इतकी माणसं मारली गेली ती याचसाठी का, असं विचारायला लागली. मेम्फिस आणि न्यू ऑर्लिन्समध्ये १८६६ च्या उन्हाळ्यात काळ्यांच्या कत्तली झाल्यावर तर निवडणूकच फिरली. तिथली संसद, म्हणजे काँग्रेस, जॉन्सनच्या नाकावर टिच्चून कायदे करू लागली. मार्च १८६७ मध्ये दक्षिणेचे पाच लष्करी विभाग पाडले आणि काळ्या पुरुषांना मत देऊन नव्या राज्यघटना लिहायचा हुकूम झाला. १८६८ मध्ये जॉन्सनवर महाभियोग चालला आणि तो एका मताने वाचला. त्याच वर्षी चौदाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेल्या प्रत्येकाला नागरिक ठरवलं आणि कायद्यापुढे समान संरक्षण दिलं. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मत नाकारायला बंदी केली. बायकांचं नाव त्यातही नव्हतं.

पुढच्या काही वर्षांत दक्षिणेत जे घडलं त्याला त्या काळात जगात कुठे जोड सापडायची नाही. पाच-सात वर्षांपूर्वी जे विकले जात होते त्यांतून आमदार, शेरीफ, शाळा-तपासनीस, पोस्टमास्तर निघाले. सगळी पदं धरली तर दोन हजारांच्या आसपास काळे पुरुष सत्तेच्या कुठल्या ना कुठल्या खुर्चीत बसले. दक्षिण कॅरोलिनाच्या खालच्या सभागृहात त्यांचं बहुमत होतं. फेब्रुवारी १८७० मध्ये हायरम रेव्हल्स मिसिसिपीतून सिनेटर झाला. बंडखोरांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच राज्याचा सिनेटर होता. स्मॉल्स आधी राज्याच्या घटनासमितीत आणि मग काँग्रेसमध्ये गेला. गुलामाला अक्षरओळख करून देणं ज्या राज्यात गुन्हा होता, तिथल्या नव्या घटनेत सार्वजनिक मोफत शिक्षण आलं. ते गोऱ्या गरिबांनाही मिळालं, हे पुढे सगळे सोयीस्करपणे विसरले. शाळांत नातवाच्या शेजारी आजी बसून मुळाक्षरं गिरवायची.

राजकारणाच्या गडबडीत एक गोष्ट राहून जाते. काळ्यांच्या वर्तमानपत्रांत त्या काळी छोट्या जाहिराती येत. कुणी आईचा शोध घेतंय, कुणी भावाचा. शेवटचं कुठे पाहिलं, तेव्हा मालक कोण होता, कुठल्या व्यापाऱ्याने कुठल्या गावी नेलं, लेकरू तेव्हा केवढं होतं. ओळखीची खूण म्हणून माणसाच्या नावाशेजारी त्याच्या मालकांच्या नावांची यादी. अशा जाहिराती युद्धानंतर कित्येक दशकं येत राहिल्या. चर्चमध्ये त्या रविवारी वाचून दाखवत.

मतदानाला उत्तर म्हणून रात्रीचे घोडेस्वार आले. कु क्लक्स क्लॅन ही टेनेसीतल्या पुलास्की गावची, बंडखोर फौजेतल्या काही रिकामटेकड्यांनी काढलेली मंडळी. बघता बघता ती दक्षिणभर फटके मारत, घरं जाळत, खून करत फिरायला लागली. त्यांच्या यादीत आधी काळा पुढारी असायचा, मग काळी शाळा आणि मग ज्याने दोन पैसे गाठीला बांधलेत तो काळा शेतकरी. अध्यक्ष ग्रँट याची दारूवरून चेष्टा होते आणि त्याच्या मंत्र्यांनी खाल्लेल्या पैशांचे किस्से रंगवून सांगितले जातात. पण ऑक्टोबर १८७१ मध्ये त्याने दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ जिल्ह्यांत हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क, तहकूब करून फौज घातली, शेकडो क्लॅनवाले धरले आणि ती संघटना मोडली. मनात आणलं तर होत होतं. हे ध्यानात ठेवूनच कोलफॅक्सकडे यायला हवं.

कोलफॅक्स हे ग्रँट परगण्याचं ठाणं. परगण्याला नाव अध्यक्षाचं, गावाला उपाध्यक्षाचं. कचेरी म्हणजे एका मळ्याचा जुना तबेला. १८७२ च्या निवडणुकीनंतर लुइझियानात दोन्ही पक्ष आपणच जिंकलो म्हणत होते. दोन गव्हर्नर, दोन शेरीफ. मार्च १८७३ च्या शेवटी लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिकाऱ्यांनी कचेरीचा ताबा घेतला. ती हातची जाऊ नये म्हणून आसपासचे काळे शेतकरी येऊन राहिले. त्यांनी भोवती चर खणला. त्यांच्या हाती बहुतेक शिकारीच्या बंदुका होत्या. गोऱ्यांनी शेजारच्या परगण्यांतून माणसं जमवली, पुष्कळसे युद्धात लढलेले, आणि एक छोटी तोफ आणली.

ईस्टरच्या दुपारी त्यांनी बायका-पोरांना निघून जायला अर्धा तास दिला. मग गोळीबार. तोफ नदीच्या बाजूने मागे नेल्यावर चर निरुपयोगी झाला. काही जण नदीकडे पळाले, बाकीचे कचेरीत शिरले. हल्लेखोरांनी पकडलेल्या एका काळ्या माणसाच्या हाती पेटता पोत देऊन छपराला आग लावायला लावली. आतून पांढरी फडकी दाखवली गेली. बाहेर येणाऱ्यांना गोळ्या घातल्या. जे कैद झाले त्यांना रात्री बाहेर काढून मारलं. मेलेल्यांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. नेमका कधीच लागणार नाही, कारण कित्येक प्रेतं नदीत गेली. गोरे तीन मेले.

सरकारने ९७ जणांवर आरोप ठेवले. हाती लागले थोडे, खटला चालला नऊ जणांवर. जगलेला लेव्ही नेल्सन पुढे साक्षीला उभा राहिला. शेवटी तिघांना दोषी ठरवलं, तेही खुनासाठी नव्हे. दुसऱ्याचे नागरी हक्क हिरावण्याचा कट केला म्हणून. ते अपिलात गेले आणि मार्च १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडलं. कोर्टाचं म्हणणं, चौदावी दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खासगी माणसांना नाही. माणसं माणसांना मारत असतील तर राज्याकडे दाद मागा. आणि वंशामुळे मारलं असं आरोपपत्रात नीट म्हटलेलंही नाही. दाद कुणाकडे मागायची? ज्या राज्यात मारणारेच उद्याचे शेरीफ होणार, त्या राज्याकडे. हा निकाल ऐकल्यावर दक्षिणेतल्या टोळ्यांना चेहरा झाकायची गरज उरली नाही.

उत्तरेला आता या विषयाचा कंटाळा आला होता. १८ सप्टेंबर १८७३ ला जे कुक यांची बलाढ्य पेढी बुडाली, बाजार कोसळला. २४ सप्टेंबरला पुण्यात जोतीरावांचा सत्यशोधक समाज स्थापन झाला त्या दिवशी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कुलूपबंद होता. बेकारी वाढली तसं दक्षिणेतल्या काळ्यांच्या कागाळ्या ऐकायला कुणाला वेळ राहिला नाही. सुटलेल्या गुलामांच्या बचतीसाठी काढलेली फ्रीडमन्स बँकही १८७४ मध्ये बसली. थोर पुढारी फ्रेडरिक डग्लस याला शेवटच्या काही महिन्यांत बँकेचा अध्यक्ष केलं होतं. आत किती पोकळ आहे ते त्याला खुर्चीत बसल्यावर कळलं. ६१ हजार खातेदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. धोबिणी, हमाल, शिपाई यांचे ते पैसे होते.

आणि रानात काय चाललं होतं? जमीन मिळाली नाही तेव्हा काळा शेतकरी जुन्याच मालकाची जमीन वाट्याने करू लागला. निम्मं पीक मालकाचं. बी, खेचर, पीठ, मीठ, कापड गावच्या दुकानातून उधारीवर, आणि तारण म्हणून उभं पीक. दुकानदाराच्या वहीत रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा. डिसेंबरात हिशेब व्हायचा. मालक वही उघडून बसायचा, समोर उभ्या माणसाला वाचता येत असलं तरी वहीवर बोट ठेवायची छाती नसायची. निघायची ती बाकी. बाकी फिटेपर्यंत रान सोडायचं नाही. आणि पीक कापसाचंच घ्यायचं, कारण दुकानदार दुसऱ्या पिकावर उधार देत नव्हता.

याच कापसाचं दुसरं टोक आपल्याकडे आहे. युद्धात अमेरिकेचा कापूस अडला म्हणून मँचेस्टरने मुंबईकडे धाव घेतली. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत बॅकबेचा समुद्र भरायला निघालेल्या कंपनीच्या शेअरवर उड्या पडल्या. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि सगळा डोलारा बसला. तेजीच्या दिवसांत सावकाराने मोकळ्या हाताने दिलेलं कर्ज आणि सरकारने वाढवलेला सारा, दोन्ही शेतकऱ्याच्या मानेवर राहिले. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. इथे चौकशी समिती बसली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदाही झाला. लुइझियानातल्या शेतकऱ्याने दुकानदाराची वही जाळली असती तर काय झालं असतं, ते कोलफॅक्सवरून समजावं.

शेवटचा सौदा १८७७ मध्ये झाला. आदल्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक झाली होती. डेमोक्रॅट टिल्डनला १८४ मतं, रिपब्लिकन हेजला १६५, आणि २० मतांवर वाद. त्यांतली १९ दक्षिण कॅरोलिना, फ्लोरिडा आणि लुइझियाना या तीन राज्यांची, जिथे बंदुकीच्या धाकाने मतदान झालं होतं. पंधरा जणांचा आयोग नेमला. त्याने प्रत्येक वाद आठ विरुद्ध सात मतांनी हेजच्या बाजूने सोडवला. निकाल १८५ विरुद्ध १८४. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांनी तो गिळावा म्हणून पडद्याआड बोलणी चालू होती. त्यातली एक बैठक २६ फेब्रुवारीला वॉशिंग्टनच्या वर्मली हॉटेलात झाली. हॉटेलचा मालक जेम्स वर्मली स्वतः काळा होता. एप्रिलमध्ये कोलंबिया आणि न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी इमारतींभोवतीचं लष्कर बराकीत परतलं आणि दोन्ही राज्यांतली रिपब्लिकन सरकारं पडली. त्याच जुलैत रेल्वे कामगारांचा संप मोडायला मात्र हेजने फौज पाठवली. तेव्हा राज्यांच्या अधिकाराची कुणाला आठवण झाली नाही.

पुढचं सगळं उताराला लागलेल्या गाडीसारखं झालं. हॉटेल, आगगाडी, नाटकगृहात भेदभावाला बंदी करणारा १८७५ चा कायदा सुप्रीम कोर्टाने १५ ऑक्टोबर १८८३ ला रद्द केला. आनंदीबाई जोशी त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या होत्या आणि त्याच ऑक्टोबरात फिलाडेल्फियाला त्यांचं वैद्यकीय शिक्षण सुरू होत होतं. १८९६ मध्ये कोर्टाने आगगाडीत काळ्या-गोऱ्यांना वेगळे पण समान डबे चालतील म्हटलं. मतदार याद्या कायद्यानेच साफ झाल्या: डोईपट्टी, वाचनाची परीक्षा आणि लुइझियानात वर आजोबांचं कलम. १ जानेवारी १८६७ ला तुमच्या बापाला किंवा आजोबाला मत होतं का? असेल तर परीक्षा माफ. तेव्हा कुठल्या रंगाच्या आजोबांना मत होतं, हे सांगायला नको. त्या राज्यात १८९६ मध्ये १,३०,३३४ काळे मतदार होते, १९०४ मध्ये १,३४२ उरले. दक्षिण कॅरोलिनाची नवी घटना १८९५ मध्ये लिहिली जात असताना सभागृहात काळे सभासद सहाच होते. त्यांतला एक, साठीकडे झुकलेला रॉबर्ट स्मॉल्स, शेवटपर्यंत भांडला आणि हरला.

हरल्यावर इतिहासही हरलेल्यांच्या विरुद्ध लिहिला गेला. काळ्यांच्या हाती सत्ता दिली, त्यांनी लुटालूट केली, मग सभ्य गोऱ्यांनी राज्य सावरलं, ही कहाणी पाठ्यपुस्तकांत गेली. तिला विद्वत्तेचं वजन दिलं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्याच्या शिष्यांनी. पैसे त्या सरकारांत खाल्ले गेले, हे खरंच. पण त्याच काळात न्यूयॉर्कची नगरपालिका गोऱ्या पुढाऱ्यांनी धुऊन खाल्ली होती, आणि त्यावरून कुणी गोऱ्यांचं मत काढून घेतलं नाही. डनिंग अजून कोलंबियात शिकवत होता तेव्हा, १९१३ मध्ये, साताऱ्याच्या शाळेत दाराशी बसून शिकलेला एक विद्यार्थी बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन तिथे दाखल झाला. डनिंगच्या कहाणीला पुराव्यानिशी उत्तर दिलं ते काळे विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी, १९३५ मध्ये, एका जाडजूड ग्रंथात. त्याच ड्युबॉइसना त्या विद्यार्थ्याने, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांनी, १९४६ मध्ये पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या आणि अस्पृश्यही तोच मार्ग धरण्याच्या विचारात आहेत असं कळवलं. जोतीरावांनी अर्पणपत्रिकेत ज्यांचा गौरव केला ते गोरे मुक्तिदाते होते. त्र्याहत्तर वर्षांनी बाबासाहेबांनी पत्र धाडलं ते त्या गुलामांच्या नातवंडांना.

कोलफॅक्सच्या दफनभूमीत १९२१ मध्ये एक संगमरवरी खांब उभारला. त्यावर मेलेल्या तीन गोऱ्यांची नावं आहेत आणि गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना हे वीर पडले, असं कोरलेलं आहे. पुढे १९५० च्या सुमारास राज्य सरकारने गावात पाटी लावली. तिच्यावर या घटनेला दंगल म्हटलं होतं, आणि तिच्यामुळे दक्षिणेतला उपऱ्यांचा गैरकारभार संपला अशी पावतीही होती. ती पाटी २०२१ मध्ये काढली. मारल्या गेलेल्या काळ्यांच्या नावांचा दगड गावात बसला १३ एप्रिल २०२३ रोजी, बरोबर दीडशे वर्षांनी.